ईएफ ठीक, छाती साफ, तरी पाय सुजलेत? हार्ट फेल्युअरमधे हृदयाची उजवी बाजू कशी सांभाळायची

"ईएफ किती आला?" एको (हृदयाची सोनोग्राफी) संपवून पेशंटला उठवते न उठवते तोच दारातून हा प्रश्न येतो, इतकी वर्षं हे काम करून आता त्याची सवयच झालीय. ईएफ म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो तो आकडा. महत्त्वाचा आहेच, पण तो अर्ध्याच हृदयाचा आकडा आहे. उजव्या बाजूचं काय चाललंय हे विचारणारे मला आजवर हाताच्या बोटावर मोजण्याइतके भेटले असतील, त्यातली एक माझी आत्या, आणि तिलाही आधी चांगलाच फटका बसला तेव्हा कळलं.

आत्याचा ईएफ औषधांनी ३० वरून ४५ वर आला होता म्हणून घरात सगळे खुश. मग हळूहळू दोन घास खाल्ले की पोट डब्ब, मळमळ, संध्याकाळी चप्पल घट्ट. चार महिने अॅसिडिटीच्या आणि गॅसच्या गोळ्या झाल्या, एंडोस्कोपीही झाली, छातीचा एक्स-रे साफ म्हणून हृदयाकडे कोणी वळलंच नाही, आणि त्या चार महिन्यांत तिला वजनकाट्यावर उभं करायचं एकालाही सुचलं नाही (मलाही नाही, उगाच का खोटं बोला). शेवटी एको मीच केला तर उजवा कप्पा फुगलेला, यकृताकडून येणारी मोठी शीर तट्ट. पुढच्या काही आठवड्यांत अंगातून ९ किलो पाणी निघालं.

तर हे जे खाली लिहितेय ते क्रॉनिक हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर किंवा कडक होऊन त्याला काम झेपेनासं होतं असा लांबलेला आजार) पेशंटसाठी आणि मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्यांसाठी. मी डॉक्टर नाही, एको टेक्निशियन आहे, त्यामुळे गोळ्यांचे डोस माझ्याकडून मिळणार नाहीत, पण काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगू शकते.

पायरी १: उजवी बाजू वेगळी का, ते आधी डोक्यात बसवा

दोन्ही बाजू मिनिटाला तेवढंच रक्त ढकलतात, बसलेल्या माणसात साधारण ५ लिटर. फरक प्रेशरचा. डाव्या कप्प्याला १२० च्या आसपासच्या प्रेशरने पूर्ण शरीरात रक्त पाठवायचंय, उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसात, तेही २५ च्या आसपास. म्हणून उजव्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिमी, डाव्याची त्याच्या दुप्पट-तिप्पट. उजवा कप्पा चंद्रकोरीसारखा डाव्याला बिलगून बसलेला असतो, मधली भिंत दोघांची सामाईक. पातळ पिशवीसारखा असल्यामुळे जास्तीचं रक्त आलं तर तो फुगून सामावून घेतो, पण समोरून प्रेशर वाढलं की लगेच हात टेकतो.

एक गंमत सांगते. १९४३ मधे कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, त्यात उजव्या कप्प्याची भिंत जाळून निकामी केली आणि बघितलं तर शिरांमधलं प्रेशर फारसं वाढलंच नाही. मग काय, बरीच वर्षं समज असाच राहिला की उजवा कप्पा म्हणजे नुसती नळी, असला काय नसला काय. पुढे १९७१ मधे फॉन्टान यांचं ऑपरेशन प्रसिद्ध झालं, ज्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांचं शरीरातलं रक्त उजव्या कप्प्याला वगळून थेट फुफ्फुसात सोडतात, आणि ते चालतं. पण कधी चालतं? फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या, प्रेशर कमी असेल तेव्हा. त्या कुत्र्यांची फुफ्फुसंही धडधाकट होती, शिवाय सामाईक भिंतीमुळे डावा कप्पा मदतीला होता. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमधे नेमक्या याच दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, समोर प्रेशर वाढलेलं आणि शेजारी आधीच आजारी.

पायरी २: तुमच्या पेशंटची उजवी बाजू कशामुळे बिघडली ते विचारा

सगळ्यात जास्त दिसणारं कारण डावी बाजूच. डावा कप्पा नीट रिकामा होत नाही किंवा कडक झाल्यामुळे नीट भरत नाही, मग मागे डाव्या वरच्या कप्प्यात प्रेशर वाढतं, तिथून फुफ्फुसाच्या शिरांत, तिथून फुफ्फुसाच्या धमनीत, आणि त्या वाढलेल्या प्रेशरविरुद्ध उजवा कप्पा रोज लाखभर ठोके मारत बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याही जाड होतात, मग डावी बाजू थोडी सुधारली तरी प्रेशर पूर्ण खाली येत नाही. ईएफ नॉर्मल असलेल्या हार्ट फेल्युअरमधेही हे होतं, त्यामुळे "ईएफ ५५ आहे म्हणजे हृदयाचं काही नाही" हे वाक्य कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका.

पण डाव्या बाजूवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाही, कारण सोबत आणखी काही असेल तर त्यातलं बरंचसं सुधारता येतं. झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास थांबणं, जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फुफ्फुसात गेलेल्या गुठळ्या, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोक्यांची अनियमितता, उजव्या बाजूला रक्त देणारी धमनी बंद होऊन पूर्वी आलेला अटॅक, खूप वाढलेलं वजन. पेसमेकर असेल तर त्याची वायर उजव्या झडपेतून जाते आणि कधी कधी झडप नीट बंद होऊ देत नाही. डॉक्टरांना सरळ विचारायचं, "डाव्या बाजूशिवाय अजून काही कारण आहे का, ते तपासलंय का?" घोरण्याबद्दल पेशंट स्वतः कधीच सांगणार नाही, शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं.

पायरी ३: घरी काय बघायचं

सगळ्यात फसवी गोष्ट आधी सांगते. डाव्या बाजूचं पाणी फुफ्फुसात साचतं म्हणून दम लागतो, आडवं झोपवत नाही. उजवी बाजू थकली की फुफ्फुसात रक्त कमी ढकललं जातं, त्यामुळे काही पेशंटची धाप चक्क कमी होते आणि त्याच वेळी पाय आणि पोट सुजायला लागतात. घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय, आता उशी एकच लागते! तर धाप कमी झाली आणि सूज वाढली हे जोडीने दिसलं तर ते चांगलं लक्षण समजू नका.

वजन. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत, एकाच काट्यावर, आणि आकडा लिहायचा, लक्षात ठेवायचा नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सोपं गणित आहे. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर फोन करायचा, पाय सुजायची वाट बघायची नाही, कारण पायावर बोट दाबून खड्डा दिसेपर्यंत अंगात कित्येक लिटर पाणी साठून झालेलं असतं. इथे एक खाच आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उजव्या बाजूच्या पेशंटची भूक मरते, स्नायू झडतात, म्हणजे अंगातलं मांस कमी होतंय आणि पाणी वाढतंय, काटा मात्र तिथल्या तिथे. दंड बारीक, गालफडं बसलेली आणि पोट मोठं असा माणूस दिसला आणि वजन "स्थिर" असेल तर त्या स्थिर आकड्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून कोरडं वजन, म्हणजे पाणी नसतानाचं वजन, किती धरायचं ते प्रत्येक व्हिजिटला डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या.

पोट. बेंबीच्या लेव्हलला टेपने घेर मोजा, आठवड्यातून दोनदा पुरे. दोन घासांत पोट भरणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं किंवा दुखणं (यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं जातं), मळमळ, हे सगळं पोटाचं वाटतं पण मूळ हृदयात असू शकतं. वाकून बुटाची लेस बांधताना अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागला तर तेही लिहून ठेवा, वाकल्यावर आतलं आधीच वाढलेलं प्रेशर अजून वाढतं त्याची ती खूण आहे.

मान. हे शिकायला थोडा वेळ लागतो पण जमतं. पेशंटला पाठीला उशा लावून साधारण ४५ अंशात टेकवा, मान किंचित डावीकडे, बाजूने टॉर्चचा उजेड. उजव्या बाजूला मानेत शिरेची हालचाल कुठपर्यंत दिसते ते बघा. छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खळगीपासून चार-पाच सेंटीमीटर खाली, एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त वर ती हालचाल दिसत असेल तर प्रेशर वाढलेलं आहे. ताठ बसलेल्या माणसाची मानेतली शीर कानापर्यंत फुगलेली दिसली तर मोजायची गरजच नाही. जाड मानेत काही दिसत नाही, तिथे नाद सोडा.

पाय. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, खड्डा राहतो का बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज पायात न दिसता कमरेच्या मागे माकडहाडाजवळ साठते, तिथे दाबून बघायचं. आणि एकाच पायाला अचानक सूज, दुखतोय, गरम लागतोय, तर ती हृदयाची नेहमीची सूज नव्हे, गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं.

पायरी ४: एकोचा रिपोर्ट वाचायला शिका

हा माझा प्रांत, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ होणार, सहन करा.

रिपोर्टात टॅप्सी नावाचा आकडा शोधा. उजव्या झडपेची कड दर ठोक्याला किती मिलिमीटर खाली सरकते तो हा आकडा, १७ मिमीच्या खाली म्हणजे उजवा कप्पा कमजोर. सोपा आहे, पटकन होतो, म्हणून सगळीकडे असतो, पण त्याला आंधळेपणाने धरू नका. बायपाससारखं छाती उघडून केलेलं ऑपरेशन झालेलं असेल तर टॅप्सी कमी येतो, भले एकूण काम ठीक असलं तरी. उलट उजवी झडप जोरात गळत असेल तर कप्प्याला रक्त मागे फेकायची सोपी वाट मिळते आणि टॅप्सी आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून जोडीला एस प्राइम (झडपेची तीच कड किती वेगाने सरकते तो आकडा, ९.५ सेमी प्रति सेकंदाच्या खाली कमजोर) आणि एफएसी (उजवा कप्पा दर ठोक्याला किती टक्के आवळतो, ३५ टक्क्यांच्या खाली कमजोर) बघायचं. काही ठिकाणी फ्री वॉल स्ट्रेन, म्हणजे कप्प्याची बाहेरची भिंत किती टक्के आखडते तो आकडा देतात, तो मायनसमधे असतो, उणे २० पेक्षा शून्याच्या जवळ आला तर बिघाड. हे सगळे आकडे प्रत्येक रिपोर्टात मिळणार नाहीत, पण निदान दोन तरी असावेत, नसतील तर पुढच्या एकोच्या वेळी आधीच सांगा की "उजव्या बाजूचंही मोजमाप हवंय", आम्हाला राग येत नाही.

मग आरव्हीएसपी किंवा पीएएसपी, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीतलं वरचं प्रेशर. हे एकोत थेट मोजत नाहीत, उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून काढतात, वेगाचा वर्ग गुणिले चार आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचं अंदाजे प्रेशर मिळवायचं. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६, त्यात ८ मिळवले तर ४४. वेग २.८ च्या वर असला की डॉक्टर पुढे बघायला लागतात. हा अंदाज आहे, त्यामुळे मागच्या वेळी ४२ आणि यावेळी ४६ आला म्हणून रात्रभर जागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रेशर कमी झालं म्हणजे सुधारणा, असं प्रत्येक वेळी नसतं. थकलेला कप्पा प्रेशर निर्माणच करू शकत नाही, त्यामुळे आजार पुढे सरकला की आरव्हीएसपी खाली येऊ शकतो. हात दमला की पिचकारीची धारही बारीक होते ना, तसंच. मागच्या वर्षी टॅप्सी १८, प्रेशर ६०, यंदा टॅप्सी १२, प्रेशर ४५, आणि घरचे म्हणतात प्रेशर कमी झालं! म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे, टॅप्सीला प्रेशरने भागायचं. टॅप्सी २० आणि प्रेशर ३० असेल तर ०.६७, छान. आपल्या उदाहरणात १८ भागिले ६० म्हणजे ०.३० आणि १२ भागिले ४५ म्हणजे ०.२७ जवळपास, म्हणजे सुधारणा काहीच नाही, थोडं खालीच. हार्ट फेल्युअरमधे साधारण ०.३६ च्या खालचा आकडा असणाऱ्यांवर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं. हा भागाकार रिपोर्टात बऱ्याचदा छापलेला नसतो, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्हीच करा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. फक्त उजवी झडप खूपच गळत असेल तर प्रेशरचा अंदाजच चुकतो, मग हा भागाकारही लंगडा.

आयव्हीसी. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर. आम्ही पेशंटला नाकाने जोरात श्वास ओढायला सांगतो तेव्हा हीच बघत असतो. २.१ सेमीपर्यंत रुंद आणि श्वासाला निम्म्याहून जास्त आवळते, तर प्रेशर कमी, छान. त्याहून रुंद आणि आवळतच नाही, तर उजव्या वरच्या कप्प्यात प्रेशर साधारण १५ धरतात, म्हणजे पाणी साठलंय. रिपोर्टात "प्लेथोरिक" किंवा "नॉन कोलॅप्सिंग" लिहिलेलं असलं की समजून जा.

राहिलं टीआर, उजव्या झडपेची गळती. माइल्ड बऱ्याच निरोगी माणसांतही असते. मॉडरेट आणि सिव्हिअर महत्त्वाची, आणि हल्ली त्याच्याही पुढे मॅसिव्ह, टोरेन्शियल अशा पायऱ्या करतात. कप्पा फुगला की झडपेचं तोंड ताणलं जातं, गळती वाढते, गळतीमुळे कप्पा अजून फुगतो. एको शक्यतो अंगातलं पाणी कमी झाल्यावर परत करून तुलना करावी, कारण पाण्याने फुगलेला असतानाची सिव्हिअर गळती नंतर मॉडरेटवर आलेली मी खूपदा बघितलीय.

पायरी ५: रक्ताच्या रिपोर्टात कुठे बघायचं

शिरांमधलं प्रेशर मागे यकृतात आणि किडनीत जातं. यकृतात बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी वाढतात. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर पाणी साठलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, अचानक वर जाऊ शकतो, तो तपासून घ्या. किडनीचं गणित असं धरा की रक्ताला किडनीतून जायला मिळणारा धक्का म्हणजे धमनीतलं सरासरी प्रेशर वजा शिरेतलं प्रेशर. सरासरी ७० आणि शिरेत ५ तर ६५ मिळाले, शिरेत २० झालं तर ५०च. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) वाढलं की "पाणी कमी पडलं, गोळी बंद करा" हे प्रत्येक वेळी बरोबर नसतं, उलट पाणी जास्त झाल्यामुळेच ते वाढलेलं असू शकतं आणि पाणी काढलं की खाली येतं. पाणी काढताना सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर गेलं पण माणूस सुधारतोय, सूज उतरतेय, लघवी होतेय, तर डॉक्टर बहुतेक वेळा औषध चालूच ठेवतात. हा निर्णय त्यांचा, तुम्ही फक्त घाबरून गोळी परस्पर बंद करू नका.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा आकडा) मागच्याशी तुलना करून वाचा, एकटा आकडा फार बोलत नाही, जाड माणसात तो कमीच येतो, किडनी खराब असेल तर जास्त. आणि हो, सीए-१२५ नावाची टेस्ट कोणी चुकून करून आकडा वाढलेला आला तर लगेच कॅन्सरच्या विचाराने हादरू नका, अंगात पाणी साठलं की हार्ट फेल्युअरमधेही तो वाढतो, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: कॅथेटर टाकून प्रेशर मोजायची वेळ

सगळ्यांना लागत नाही. एको आणि लक्षणं जुळत नसतील, औषधांना दाद मिळत नसेल, किंवा झडपेची प्रोसीजर, एलव्हीएडी (डाव्या कप्प्याला मदत करणारा) पंप, ट्रान्सप्लांट यांचा विचार चालू असेल तेव्हा राइट हार्ट कॅथ करतात. शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन प्रेशर थेट मोजतात. फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२९ मधे ही नळी स्वतःच्याच हातातून स्वतःच्याच हृदयापर्यंत घातली होती, १९५६ मधे त्याला त्यासाठी विभागून नोबेल मिळालं, तेव्हा त्याच्या मानाने तुमचं काम फारच सोपंय.

रिपोर्टात बघायचं ते असं. फुफ्फुसाच्या धमनीतलं सरासरी प्रेशर २० च्या वर म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. वेज प्रेशर (नळी फुफ्फुसातल्या बारीक धमनीत अडकवून डाव्या बाजूच्या प्रेशरचा घेतलेला अंदाज) १५ च्या वर म्हणजे त्यामागे डावी बाजू आहे. पीव्हीआर (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या रक्ताला किती अडवतात तो आकडा) २ वुड युनिटच्या वर गेला असेल तर रक्तवाहिन्या स्वतःही जाड झाल्यात. उजव्या वरच्या कप्प्याचं प्रेशर वेजच्या ०.६३ पटीहून जास्त असेल, उदाहरणार्थ १६ आणि २०, तर उजवी बाजू डावीच्या मानाने जास्त बिघडलीय.

पायरी ७: औषधं

मुख्य काम पाण्याच्या गोळीचं, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. ही गोळी उंबरठ्याची गोळी आहे, म्हणजे ठराविक डोसच्या खाली ती काहीच करत नाही आणि उंबरठा ओलांडला की लघवी सुटते. म्हणून अर्धी अर्धी गोळी दिवसभर वाटून घेणं हा शहाणपणा नाही. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत लघवी जाणवण्याइतकी वाढतेय का एवढंच बघा, वाढत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, कारण आतडीच सुजलेली असतील तर गोळी रक्तात नीट उतरत नाही. फ्युरोसेमाइड तोंडाने घेतल्यावर सरासरी निम्मंच शोषलं जातं आणि माणसागणिक फार फरक पडतो, टॉर्सेमाइड जास्त भरवशाने शोषलं जातं, पण २०२३ च्या मोठ्या ट्रायलमधे दोघांत मृत्यूच्या प्रमाणात फरक निघाला नाही, तेव्हा "आम्हाला तीच गोळी हवी" असा हट्ट नको. आतड्यांची सूज असताना काही दिवस शिरेतून इंजेक्शन देऊन पाणी उतरवलं की नंतर तीच गोळी परत काम करायला लागते, आत्याचं हेच झालं.

अॅडमिट असताना पहिल्या डोसनंतर दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासता येतं, ५० ते ७० च्या खाली असेल तर डोस पुरत नाहीये. याबद्दल विचारायला हरकत नाही. तरी जमलं नाही तर मेटोलाझोनसारखी दुसरी गोळी जोडतात, ती फार जोरात चालते, सोडियम-पोटॅशियम घसरतं, म्हणून ती सुरू झाल्यावर काही दिवसांत रक्त तपासायलाच हवं, आणि घरी उरलेली मेटोलाझोन "थोडी सूज वाटली म्हणून" मनाने घेणं हे तर अजिबातच नको.

बाकी औषधं डाव्या बाजूचीच, कारण उजव्याच्या समोरचं प्रेशर तिथूनच कमी होतं. ईएफ कमी असेल तर चार गट, सॅक्युबिट्रिल-वालसार्टन किंवा त्याच्या जातीचं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. हा शेवटचा गट ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमधेही उपयोगी ठरलाय, २०२१ आणि २०२२ च्या ट्रायलमधून ते दिसलं. तो डायबेटिस नसतानाही देतात, त्यामुळे "मला शुगर नाही तर ही गोळी का" म्हणून फेकून देऊ नका, फक्त उलट्या-जुलाब, उपाशी राहणं किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती थांबवायची का ते विचारा. बीटा ब्लॉकर अचानक बंद करू नका.

सिल्डेनाफिलबद्दल खूप जण विचारतात. फुफ्फुसाचं प्रेशर कमी करणारी गोळी आहे ना, मग का नाही देत? कारण प्रेशरचं मूळ डाव्या बाजूत असताना फुफ्फुसाच्या धमन्या मोकळ्या केल्या तर आधीच अडलेल्या डाव्या बाजूवर रक्ताचा लोंढा येतो आणि फुफ्फुसात पाणी भरू शकतं. ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमधे २०१३ च्या ट्रायलमधे तिचा फायदा दिसला नाही. नायट्रेटच्या (छातीत दुखण्यावरच्या) गोळ्यांसोबत तर ती जिवावर बेतते. दुसऱ्या कोणाला पल्मनरी हायपरटेन्शनसाठी दिली म्हणून आपण घ्यायची नसते, त्यांचा आजार वेगळा.

पायरी ८: मीठ, पाणी आणि टाळायच्या गोष्टी

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पॅकेटमधल्या पदार्थांतलंही आलं. पॅकेटवर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. एकदम बेचव जेवण करायची गरज नाही, २०२२ मधे सोडियम १५०० मिग्रॅपर्यंत खाली आणून बघितलं तर मृत्यू किंवा अॅडमिशन कमी झाले नाहीत, आणि उजव्या बाजूच्या पेशंटची भूक आधीच मेलेली असते, त्यात अळणी ताट समोर ठेवलं की तो जेवणारच नाही. थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. पाण्याचंही तसंच, स्थिर पेशंटला घोटाघोटाचा हिशोब ठेवायला लावून फार हाती लागत नाही असं २०२५ च्या अभ्यासात दिसलं, पण सोडियम घसरलेलं असेल किंवा सूज खूप असेल तर डॉक्टर जे माप देतील ते पाळायचं.

लो सोडियम मीठ घेताना थांबा! त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल-वालसार्टन चालू असताना ते धोकादायक ठरतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि किडनीला मारतात. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांत दर गोळीमागे ३०० ते ४०० मिग्रॅ सोडियम असू शकतं, हे कोणाच्या ध्यानातच नसतं. डायबेटिसची पायोग्लिटाझोन सूज वाढवते. पायांना घट्ट मोजे विचारल्याशिवाय घालू नका. उंच डोंगराळ ठिकाणी किंवा लांबच्या विमानप्रवासाला जायच्या आधी विचारा, ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि तो भार उजव्या बाजूवरच पडतो.

पायरी ९: झडप आणि बाकीचे उपाय

औषधांनीही गळती सिव्हिअरच राहिली तर हल्ली मांडीच्या शिरेतून जाऊन उजवी झडप क्लिपने चिमटतात किंवा नवी बसवतात, अमेरिकेत दोन्हीला २०२४ मधे मान्यता मिळाली. २०२३ च्या क्लिपच्या ट्रायलमधे लोकांना बरं वाटलं, पण वर्षभरात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. माझं मत विचाराल तर हे लवकर विचारायचं, कारण उजवा कप्पा आणि यकृत पार थकल्यावर झडप दुरुस्त करूनही फारसं हाती लागत नाही.

चालणं चालू ठेवा, बोलताना दम लागणार नाही इतपत. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. सुजलेल्या पायांची कातडी कोरडी पडू देऊ नका, भेगेतून इन्फेक्शन शिरतं.

पायरी १०: कधी धावायचं आणि घरी आल्यावर काय

चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम, हातपाय गार आणि गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी जवळपास बंद, छातीत अचानक दुखून धाप किंवा खोकल्यातून रक्त, यातलं काहीही झालं तर फोनवर विचारत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी. डोळे पिवळे दिसले किंवा दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय निघू नका. आजचं वजन किती आणि कोरडं वजन किती धरायचं, किती किलो वाढल्यावर पाण्याची गोळी किती वाढवायची की आधी फोनच करायचा, आणि रक्त परत कधी तपासायचं. पहिली व्हिजिट एक ते दोन आठवड्यांच्या आत पाहिजे. घरी आलात की त्याच दिवशी घरच्या काट्यावर वजन करा, हॉस्पिटलचा काटा आणि तुमचा काटा यांच्यात एक-दीड किलोचा फरक निघतोच, आणि तो पहिल्याच दिवशी माहीत नसला तर तिसऱ्या दिवशी फुकट धावपळ होते, आमची झालीय.